बान्स्कोचं को-वर्किंग: नेट झकास, हीटरच्या नावाने शंख

बल्गेरियातल्या बान्स्कोत, पिरीन डोंगरांच्या पायथ्याशी, हिवाळ्याचे दोन महिने काढले. तिथे एका को-वर्किंगचा, म्हणजे भाडं भरून बसून काम करायच्या सामायिक जागेचा, मासिक पास घेतला होता, त्याबद्दल.

नेटला पैकीच्या पैकी. दोन महिन्यांत एकदाही कॉल तुटला नाही. पण हिवाळ्यात इथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. म्हणजे पुण्याच्या टीमची साडेनऊची मीटिंग इथे पहाटे सहाला! जागा चोवीस तास उघडी असते म्हणून अंधारात बर्फ तुडवत जायचे, आणि आत हीटर बंद. आठ वाजेपर्यंत कानटोपी, मफलर आणि बोटं कापलेले हातमोजे घालून टायपिंग. तक्रार केली तर मॅनेजरबाईंनी मान आडवी हलवली. मी खट्टू. मागाहून कळलं, इथे तो होकार असतो. (हीटर तरीही लागला नाहीच.)

खालच्या किचनमध्ये मात्र जीव रमला. फ्रिजमध्ये कायम आयरान, म्हणजे आपलं मीठ घातलेलं ताकच. मी त्यात घरून नेलेली जिरेपूड टाकली, तर शेजारच्या टेबलवाल्याने डबीच मागून घेतली.

१ जानेवारी २०२६ पासून तिथे युरो चालतो, त्यामुळे जुन्या ब्लॉगांवरचे लेव्हामधले भाव विसरा.

जाताना घाई नसेल तर सेप्टेम्व्री गावाहून नॅरोगेज गाडी पकडा. माथेरानच्या गाडीची थोरली बहीण. तासन् तास लागतात, डबा सोबत घ्या.