लाल भोपळा: जूनमध्ये लावावा की जानेवारीत?

जूनच्या लागवडीला पाण्याची फारशी चिंता नसते आणि नवरात्राच्या सुमारास घारग्यांना घरचा भोपळा मिळतो. पण भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं, दुपारपर्यंत मिटतं. नेमकी त्याच वेळी झड लागली की मधमाश्या फिरकत नाहीत; मग मादी फुलाखालचं इवलंसं फळ पिवळं पडून गळतं. केवडा (पानांवर पिवळे डाग पाडणारा रोग), फळमाशी आणि ओल्या मातीला टेकून सडणारी फळं वेगळीच.

थंडी ओसरताना, जानेवारीअखेर लावलेल्या वेलाला हा त्रास कमी, मात्र विहीर मेपर्यंत टिकायला हवी. तेवढं पाणी असेल तर मी जानेवारीच सांगेन. कोरडवाहूंनी जून धरावा, पण उंच वाफ्यावर, दोन आळ्यांत २ ते ३ मीटर अंतर ठेवून आणि प्रत्येक फळाखाली पेंढा घालून.