क्रॉन की सिस्टमडी टायमर? रात्री लाईट जात असेल तर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसातलं लिनक्स मशीन मी बघतो. रात्री दोनला बॅकअप, सकाळी स्टॉकची यादी, एवढीच ठरलेल्या वेळेची कामं. बरीच वर्षं ती क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या लिनक्समधल्या जुन्या सोयीवर होती. आता टायमरवर आहेत. मशीनवरच्या सर्व्हिसेस चालू-बंद करणाऱ्या सिस्टमडीमधली तशीच सोय म्हणजे टायमर.

क्रॉनची गोडी एका ओळीत आहे. वेळेचे पाच रकाने भरा, पुढे कमांड लिहा, काम लागलं. टायमरला दोन फायली कराव्या लागतात, काय करायचं ते सांगणारी सर्व्हिस आणि केव्हा ते सांगणारा टायमर. त्यात डेमन-रीलोड, म्हणजे सिस्टमडीला फायली पुन्हा वाचायला सांगणारी कमांड, विसरलात तर बदल लागूच होत नाही. पहिल्या दिवशी टायमर नकोसा वाटतो, हे मान्य.

काम अडलं की मात्र क्रॉन दमवतो. टर्मिनलवर नीट चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमधून चालत नाही, कारण तिथला पाथ, म्हणजे कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायची ती यादी, तोकडा असतो. बॅकअपच्या नावात तारीख यावी म्हणून मी क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या फाइलीत, थेट टक्क्याचं चिन्ह लिहिलं होतं. क्रॉन पहिल्या टक्क्याशीच कमांड संपली असं धरतो. त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ लागते. हे कळायला मला अख्खी संध्याकाळ गेली. टायमरचं तसं नाही. नोंदी दाखवणाऱ्या जर्नलसीटीएल कमांडला सर्व्हिसचं नाव दिलं की केव्हा चालली, काय एरर आली, सगळं समोर येतं.

तरी एवढ्यासाठी मी क्रॉन सोडला नसता. सोडायला लावलं ते लाईटनं. उन्हाळ्यात आमच्याकडे रात्री लाईट जाते, यूपीएस अर्धा तास धरतो, मग मशीन बंद. सकाळी ऑफिस उघडल्यावर कुणीतरी चालू करतं. दोनची वेळ हुकली की क्रॉन मागचं बघत नाही, थेट पुढच्या रात्री दोनला उठतो. एका आठवड्यात लागोपाठ तीन रात्री अशा गेल्या आणि चौथ्या दिवशी हार्डडिस्क बसली. मी आणि अकाउंट्सच्या मॅडमनी दोन दिवस बसून एकेक चलन पुन्हा भरलं: पार्टी, रंग, किती डझन. काही कार्बन प्रती इतक्या फिकट होत्या की खिडकीच्या उजेडात धरून वाचाव्या लागल्या.

टायमरच्या फाइलीत ऑनकॅलेंडर या वेळेच्या ओळीखाली 'पर्सिस्टंट=ट्रू' एवढं लिहिलं की शेवटचं काम केव्हा झालं याची नोंद डिस्कवर राहते आणि मशीन चालू झाल्यावर राहिलेलं काम होतं. तीन रात्री हुकल्या तरी ते एकदाच चालतं. फक्त बॅकअप बाहेरच्या डिस्कवर जात असेल तर सर्व्हिसमध्ये 'रिक्वायर्समाउंट्सफॉर' लिहून त्या डिस्कची जागा द्या, म्हणजे ती जोडली जाण्याआधी काम सुरू होणार नाही.

हुकलेलं काम भरून काढायला ॲनाक्रॉनही आहे, पण तो दिवसांच्या हिशेबानं चालतो. दर तासाच्या कामाला उपयोगी नाही. तुमचं मशीन भाड्याच्या सर्व्हरवर चोवीस तास चालू असेल तर क्रॉन पुरेसा व्हावा. सोलापुरात ऑफिसच्या टेबलाखाली असेल तर माझा कल टायमरकडे.

लावताना एनेबल करायचा, म्हणजे मशीनबरोबर आपोआप सुरू व्हायला लावायचा, तो टायमर, सर्व्हिस नव्हे. वेळ बरोबर लिहिली का ते 'सिस्टमडी-ॲनालाइझ कॅलेंडर' आधीच दाखवतं. नंतर 'सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स' चालवून मागची आणि पुढची वेळ बघा. मी सकाळी चहा यायच्या आत ती यादी बघून घेतो.