कुपवाडच्या हळद युनिटसाठी बोलावलेली फायर सेफ्टी सर्व्हिस, माझा अनुभव (५ पैकी ४)

आमचं सांगलीजवळ कुपवाडला हळद पावडरचं छोटं युनिट आहे, दोन पल्वरायझर (दळायची मशीन), एक पॉलिशचा ड्रम आणि नऊ माणसं. मागच्या महिन्यात मिरजेहून एका फायर सेफ्टीवाल्याला बोलावलं, त्याबद्दल लिहितोय. नाव टाकत नाही, जाहिरात करायची नाहीय, पण हळद, मिरची, बेसन, साखर असलं काहीही दळणाऱ्यानं हे वाचावं असं मनापासून वाटतं.

बोलावलं का ते आधी सांगतो. दिवाळीच्या आधी हॉपरचा (माल ओतायच्या नरसाळ्याचा) ब्रॅकेट तुटला म्हणून वेल्डर आणला, संध्याकाळी काम झालं, त्याचे पैसे दिले, शटर ओढलं आणि घरी गेलो. सकाळी दार उघडतोय तर करपलेल्या फोडणीसारखा वास आणि बॅग फिल्टरच्या (धूळ गोळा करणाऱ्या कापडी पिशव्यांच्या पेटीच्या) खालनं बारीक धूर. ठिणगी आत पडून रात्रभर धुमसत होती. आमच्या हमालकाकांनी भिंतीवरचा आग विझवायचा सिलिंडर काढला, पिन ओढली, दाबला तर फुस्स, नुसती हवा. आतली पावडर दगडासारखी बसलेली आणि वर स्टिकर मात्र कोरा करकरीत. म्हणजे आधी जो माणूस यायचा तो रिफिलचे पैसे घेऊन फक्त स्टिकर बदलत होता, आणि मी कधी उचलून हलवून पण बघितलं नाही, ही माझी चूक. बादल्या मारून विझवलं, कुणाला काही झालं नाही, पण त्यानंतर कितीतरी दिवस मला झोप लागत नव्हती.

हा नवीन माणूस आला तो दीड तास उशिरा. पण आल्या आल्या त्यानं सिलिंडर बघितलेच नाहीत, शिडी मागितली. वर चढून केबल ट्रेवरनं आणि पत्र्याखालच्या अँगलवरनं बोट फिरवलं आणि ते बोट मला दाखवलं, पेरापर्यंत पिवळंधमक. म्हणाला, मालक तुमचा धोका हा आहे, सिलिंडरचं नंतर बघू.

मग सगळ्यांना बाहेर अंगणात बोलावलं. ताटलीत हळदीचा ढीग केला आणि त्यावर पेटती काडी टेकवली, ढीग जरा काळा पडला, बाकी काही नाही. मग तीच हळद चिमूटभर, चांगली सुकी, नळीनं फुंकून मशालीच्या ज्योतीवर उडवली तर भप्पकन हातभर जाळ झाला. आमची पोरं दोन पावलं मागं सरली. (हे घरी करून बघू नका, त्यानं हातमोजे, चष्मा सगळं घातलं होतं.) म्हणाला आगीला जळण, हवा आणि ठिणगी लागते, पण स्फोटाला अजून दोन गोष्टी लागतात, धूळ हवेत उडालेली पाहिजे आणि जागा कोंडलेली पाहिजे. बॅग फिल्टर, माल वर चढवणारा एलिव्हेटर, बंद खोली, आपल्याकडं सगळंच आहे.

अमेरिकेतलं २००८ सालचं उदाहरण सांगितलं, जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ म्हणून गाव आहे तिथल्या साखर कारखान्याचं. कन्व्हेयर नुकताच पत्र्यानं बंद केलेला, त्यात साखरेच्या धुळीचा पहिला स्फोट झाला, त्या हादऱ्यानं तुळयांवर, जमिनीवर साठलेली धूळ उडाली आणि मग एकामागून एक स्फोट, १४ माणसं गेली. साखरेच्या पट्ट्यात राहून मला हे माहीत नव्हतं.

हे ऐकून आमचे हमालकाका बोलले, हरिपूरच्या पेवात (हळद साठवायच्या जमिनीतल्या खोल खड्ड्यात) उतरायच्या आधी आमची म्हातारी माणसं पेव उघडून ठेवायची, दोरीनं कंदील खाली सोडायची, कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. तो म्हणाला काका अगदी बरोबर, आता फक्त कंदिलाऐवजी ऑक्सिजनचा मीटर लावायचा. आणि ज्या हमालकाकांचं कोण ऐकत नव्हतं त्यांचं त्या दिवसापासून सगळे ऐकायला लागले.

आता बदललं काय. कंप्रेसरच्या हवेनं झाडझूड पूर्ण बंद, आम्ही वर्षानुवर्षं तेच करत होतो, म्हणजे धूळ स्वतःच उडवत होतो. आता मऊ झाडू आणि धुळीसाठीचा खास व्हॅक्यूम, साधा नाही चालत, त्याच्या मोटरचीच ठिणगी पडते. पल्वरायझरच्या तोंडाशी मॅग्नेट बसवला, पहिल्याच आठवड्यात त्याला दोन खिळे आणि एक नट चिकटलेला मिळाला, हे सगळं आधी पल्वरायझरच्या आतल्या फिरत्या हातोड्यांत जात होतं. बेअरिंग गरम होतंय का ते रोज बघायचं, फिल्टरला आणि पाइपांना अर्थिंग. वेल्डिंग करायचं तर मशीन बंद, आजूबाजूची धूळ साफ, लेखी चिठ्ठी, आणि काम संपल्यावर तासभर एक माणूस तिथंच बसणार. आणि धुमसणाऱ्या पावडरवर बादली फेकायची नाही, सिलिंडरचा फवारा जवळनं मारायचा नाही, धूळ उडते, पाणी बारीक तुषारानं हळू सोडायचं. आमचं त्या दिवशी नशिबानं निभावलं.

सिलिंडरचं काम पण चोख. प्रत्येक नळकांडं आमच्यासमोर उघडलं, जुनी पावडर काढून दाखवली, नवीन भरून वजन केलं, प्रेशर टेस्टची तारीख बघितली. प्रत्येकाच्या हातानं एकेक चालवून घेतला, सहा किलोचा सिलिंडर जेमतेम पंधरा-वीस सेकंद चालतो हे तेव्हा कळलं. त्याच्याकडं लायसन आहे त्यामुळं फॉर्म बी (आग विझवायची साधनं चालू स्थितीत असल्याचा दाखला) पण तोच देतो. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यात हा दाखला जानेवारी आणि जुलै असा वर्षातनं दोनदा लागतो, बऱ्याच जणांना माहीतच नसतं. लायसन नंबर विचारूनच काम द्या.

एक स्टार कापला तो उशिरा आला म्हणून नाही. रिपोर्ट पूर्ण इंग्लिशमध्ये दिला, माझ्या माणसांना तो वाचता येत नाही आणि मशीन तर तेच चालवतात. मराठी आणि हिंदी चार्ट देतो म्हणाला, तीन आठवडे झाले, दोनदा फोन केला, अजून आला नाही. तोवर मीच मार्करनं लिहून मशीनशेजारी लावलाय. आला की इथं अपडेट टाकतो.