नौदलाचा बाण कोरलेलं बनावट घड्याळ

ब्रिटिश नौदलाच्या पाण्यात बुडी मारणाऱ्या जवानांना साठच्या दशकात दिलेलं ओमेगा सीमास्टर ३०० म्हणून मला इंग्लंडमध्ये जे विकलं गेलं, ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून जुळवलेलं निघालं. मागच्या झाकणावर सरकारी मालकीचा रुंद बाण, ०५५२ ने सुरू होणारा नौदलाचा क्रमांक, खाली ६७ साल. तबकडीवर वर्तुळातला टी. सोबत विकणाऱ्याच्या आजोबांची नौदलातली हकीकत आणि गणवेशातला फोटो.

घड्याळजीने झाकण उघडलं तर आत ५६५ क्रमांकाचं मशीन. नौदलाच्या घड्याळात तारीख नसे, त्यात ५५२ असायला हवं. ५६५ हे तारखेचं मशीन, त्या काळच्या साध्या सीमास्टरमध्ये सर्रास सापडणारं. खूण बाहेरूनही कळते: चावी पूर्ण ओढली की तारीख बदलण्याचा खटका लागतो, आणि तबकडीवर खिडकीच नाही! कुणाचं तरी चांगलं चालणारं जुनं घड्याळ यासाठी मोडलं, याचा मला पैशांइतकाच राग आहे.

वर्तुळातला टी म्हणजे ट्रिटियम, काट्यांवरचा आणि तबकडीवरचा लेप अंधारात चमकवणारा किरणोत्सर्गी पदार्थ. त्याचं अर्धायुष्य सुमारे १२ वर्षं, त्यामुळे १९६७ चा लेप आज स्वतःहून चमकत नाही. अतिनील टॉर्चखाली तो उजळला तरी टॉर्च बंद करताच विझतो. या घड्याळाचे काटे मात्र अंधारात बराच वेळ हिरवे राहिले, म्हणजे लेप अलीकडचा. पट्ट्याच्या दांड्या पाण्याखाली निसटू नयेत म्हणून नौदलाने त्या केसला पक्क्या जोडून घेतल्या होत्या. इथेही त्या जोडलेल्या होत्या, पण भिंगाखाली जोड कोरा करकरीत दिसला.

नामांकित लिलाव म्हणजे खात्री, असंही समजू नका. २०२१ मध्ये जिनिव्हात ३१ लाख स्विस फ्रँकवर गेलेलं ओमेगा स्पीडमास्टर वेगवेगळे भाग जोडून बनवलेलं होतं, आणि त्यात आपलेच माजी कर्मचारी गुंतल्याचं ओमेगाने २०२३ मध्ये सांगितलं.

म्हणून पैसे देण्याआधी तुमच्या ओळखीच्या घड्याळजीसमोर झाकण उघडून घ्या. "उघडलं तर पाणी शिरेल" असं म्हणून कुणी टाळत असेल तर तिथून निघा. कोरीव काम आणि दांड्या आज कुणीही करून देतो.

मी पैसे परत मागितले तेव्हा "मला मिळालं तसं विकलं" एवढं उत्तर आलं, मग फोन बंद. पोलिसांकडे तक्रार दिली आहे. हे घड्याळ मी पुढे कुणालाही विकणार नाही, बनावट आहे असं सांगूनसुद्धा नाही, कारण त्याच्या पुढच्या मालकाला कुणी ते सांगेलच असं नाही.