रोजचा एक तास: कोर्स, कोडी की दुसऱ्याचा कोड?

प्रोग्रामरच्या नोकरीला तीन-चार वर्षं झाली की काम हातचा मळ होतं, आणि एक दिवस लक्षात येतं की वर्षभरात नवीन काहीच शिकलो नाही. मग रात्री जेवणानंतरचा एक तास काढायचं ठरतं. तो घालायचा कशात, इथे गाडी अडते. मी तिन्ही वाटांनी थोडंफार चाललोय.

पाया कच्चा असेल, म्हणजे मेकॅनिकल करून आयटीत आलात आणि ऑपरेटिंग सिस्टीम कधी शिकलाच नाहीत, तर सरळ एनपीटीईएल घ्या. आयआयटी आणि आयआयएस्सीचा हा ऑनलाइन कोर्सेसचा उपक्रम २००३पासूनचा. व्हिडिओ फुकट, प्रमाणपत्र हवं असेल तर फी भरून केंद्रावर परीक्षा द्यायची. ७५ गुण परीक्षेचे, २५ असाइनमेंटचे. १२ आठवड्यांच्या कोर्समध्ये असाइनमेंटपैकी सर्वोत्तम आठच धरतात, त्यामुळे ऑफिसात रिलीजच्या (नवी आवृत्ती बाहेर काढायच्या) आठवड्यात एखादी बुडली तरी चालतं. माझे दोन कोर्स अर्ध्यावर सुटले. तिसरा पूर्ण झाला, कारण फी भरली होती!

लीटकोडचं, म्हणजे प्रोग्रामिंगची कोडी सोडवायच्या वेबसाइटचं, थोडक्यात सांगतो. नोकरी बदलायची असेल तर सुटका नाही, मुलाखतीत अशीच कोडी विचारतात. रविवारी सकाळी आठला स्पर्धा, दीड तासात चार कोडी. लूपमध्ये लूप (पुन्हा पुन्हा फिरणारा कोड) घालण्याआधी हॅशमॅप (किल्लीवरून थेट नोंद काढून देणारी रचना) सुचायला लागतो, हा फायदा खराच. पण फंक्शन कुठे तोडायचं, दोन वर्षांनी ते वाचणाऱ्याचे काय हाल होतील, हे तिथे कोणी विचारत नाही. नोकरी बदलायची नसेल, तर त्या रविवारी पोहे खा.

तिसरी वाट दुसऱ्याचा कोड वाचण्याची, आणि माझा कल तिकडेच आहे. कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं आजचं गिट अवाढव्य आहे, पण लिनस टॉरवाल्ड्सने ७ एप्रिल २००५ला केलेला त्याचा पहिला कमिट (नोंदवलेला बदल) जेमतेम हजार-बाराशे ओळींचा. सी भाषा थोडीफार येत असेल तर आठवड्याभरात वाचून होतो. गिट आपला इतिहास ठेवतं त्या फोल्डरचं नाव तेव्हा 'डॉट गिट' नव्हतं, 'डॉट डिरकॅश' होतं. त्यातला एक साधा लूप ००पासून एफएफपर्यंत (सोळा अंकांच्या मोजणीत) २५६ फोल्डर करून ठेवतो. ते पाहून मी ऑफिसच्या प्रोजेक्टच्या 'डॉट गिट'मधलं ऑब्जेक्ट्सचं फोल्डर उघडलं: तीच दोन अक्षरी नावं! रोज वापरत होतो, कधी आत डोकावलो नव्हतो. लाखभर फायली एकाच फोल्डरमध्ये कोंबायच्या नाहीत म्हणून ही वाटणी. पुढे आमच्या अपलोड्सचा ढीग आवरताना मी हीच युक्ती वापरली.

या वाटेची खोट म्हणजे तुम्हाला चुकीचं समजलंय हे सांगायला कोणी नसतं. त्यावर उपाय एकच, छोटीशी दुरुस्ती पाठवून पाहणं. मी एका लहानशा ओपन सोर्स प्रकल्पाला एरर मेसेज सुधारणाऱ्या चार ओळी पाठवल्या. उत्तर आलं, "टेस्ट कुठे आहे?" त्या चार ओळींसाठी तीस ओळींची टेस्ट (बदल नीट चालतो का ते तपासणारा कोड) लिहिली, तीही दोनदा परत आली. कोर्सची असाइनमेंट अशी परत येत नाही. तिथे गुण कापतात आणि पुढचा आठवडा सुरू होतो.

तेव्हा पाया कच्चा असेल तर एक सत्र एनपीटीईएल करा, मग इकडे वळा. पाया बरा असेल तर आजच गिटचा रेपो (सगळा कोड आणि त्याचा इतिहास) क्लोन करा, म्हणजे आपल्या मशीनवर उतरवा. लॉग (कमिट्सची यादी) उलटा लावला की तो पहिला कमिट सगळ्यात वर दिसतो.