चेक बाऊन्सची केस, शिवाजीनगर कोर्ट: आमच्या वकील मॅडमचा आत्तापर्यंतचा अनुभव

मागच्या तारखेला आरोपीची उलटतपासणी झाली, तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं. मॅडमचं नाव देत नाहीये, वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे आणि माझ्यामुळे त्यांना त्रास नको. १३८ ची केस (चेक बाऊन्सचं कलम) म्हणजे काय, चेक परत गेल्याचा बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर १५ दिवस वाट बघायची, मग महिन्याच्या आत कोर्टात, हे ज्याचा चेक परत आलाय त्याला पाठ असतं. माझं धायरीला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, एका कॉन्ट्रॅक्टरला रेलिंग आणि ग्रिल करून दिलं, बिलाचा चेक आला आणि परत गेला.

वकील शोधत होतो तेव्हा मॅडमची वेबसाइट बघून काही खास वाटलं नव्हतं. नाव, सनद नंबर, सनदेचं वर्ष, बी.कॉम., एलएल.बी., आणि प्रॅक्टिसच्या खाली दोनच गोष्टी, चेक बाऊन्स आणि व्यापारी वसुलीचे दावे. किती केस जिंकल्या वगैरे काहीच नाही. नंतर समजलं की बार कौन्सिलच्या नियम ३६ मधे २००८ साली सूट मिळाली ती एवढ्याचसाठी, नाव, पत्ता, फोन, शिक्षण, सनदेचा तपशील आणि कुठल्या प्रकारची कामं करता ते. त्यामुळे जिथे 'पुण्यातले नंबर वन' लिहिलेलं असतं तिथे मला आता आधी शंका येते. दुसऱ्या एका ऑफिसात घटस्फोटापासून ट्रेडमार्कपर्यंत सगळं करतो म्हणाले, पण साक्षीपुराव्याला कोण उभं राहणार विचारलं तर सरळ उत्तर नाही. मॅडम म्हणाल्या, "तारीख घ्यायला ज्युनियर येईल, साक्ष आणि उलट मात्र मीच घेणार." म्हणून वकीलपत्र त्यांना दिलं.

आता जे खटकलं ते. फी टप्प्याटप्प्याने ठरलेली, नोटीस, फाइलिंग, पुरावा, युक्तिवाद, त्यात काही तक्रार नाही. पण टायपिंग, झेरॉक्स आणि किरकोळ खर्च म्हणून दर थोड्या दिवसांनी वेगळे पैसे, आणि त्याची पावती नाही! मी वर्कशॉपमधे वेल्डिंग रॉडचा पण हिशोब ठेवतो, मला हे चालत नाही. त्याच कागदांचा तिसरा सेट कशाला लागतो हे विचारलं तर ज्युनियरने खांदे उडवले. शेवटी मॅडमशी बोललो तेव्हापासून लिहून देतात, पण ते मागायला लागायला नको होतं. फोन पण संध्याकाळी सहानंतरच उचलतात, आणि तारखेला काय झालं ते मला ईकोर्ट्स ॲपवरूनच कळायचं. एक तारीख तर अशी की स्वारगेटहून मेट्रोने गेलो, दिवसभर थांबलो, आणि बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, मोठा म्हणून पुढची तारीख. त्या दिवशी जर हे लिहिलं असतं तर फार वाईट लिहिलं असतं.

पण मागच्या तारखेने मत बदललं. समोरच्याचं म्हणणं हे की चेक कोराच, सिक्युरिटी म्हणून दिला होता आणि माल मिळालाच नाही. सही करून दिलेल्या कोऱ्या चेकला पण कलम १३९ चं गृहीतक, म्हणजे चेक देणं फेडायलाच दिला असं कोर्ट धरून चालतं ते, लागतं असा सुप्रीम कोर्टाचा २०१९ चा निकाल आहे, तो मॅडमनी युक्तिवादासाठी काढून ठेवलाच होता, पण त्यांनी तेवढ्यावर भागवलं नाही. माझ्याकडून आधीच जीएसटी रिटर्न मागवून घेतले होते, बिल त्यात चढवलंय हे दाखवायला. आरोपी साक्षीला उभा राहिल्यावर आधी शांतपणे नोटीस मिळाली का, उत्तर दिलं का, स्टॉप पेमेंट केलं का एवढंच विचारत राहिल्या, तो नाही नाही म्हणत गेला, आणि मग विचारलं की या बिलावरचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) तुम्ही घेतलंय ना? हो म्हणाला!! माल मिळाला नाही तर क्रेडिट कसलं घेतलं? समोरचे वकील उठले, पण उत्तर रेकॉर्डवर आलं होतं.

बाहेर आल्यावर विचारलं, हे कसं सुचलं. तर वकिली सुरू करायच्या आधी मॅडम टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात काम करत होत्या. वेबसाइटवर तो बी.कॉम. दोन अक्षरांत उरकलाय, आणि माझ्या केसचं तेच सगळ्यात महत्त्वाचं क्वालिफिकेशन निघालं. म्हणून वकील निवडताना किती वर्षं प्रॅक्टिस ते विचाराच, पण आधी काय काम केलंय तेही विचारा. जमिनीचा वाद असेल तर सातबारा आणि फेरफार स्वतः वाचणारा वकील, अपघाताचा दावा असेल तर इन्शुरन्समधून आलेला.

आता युक्तिवाद बाकी आहे. निकाल आपल्या बाजूने लागला तर समोरचा सेशन्सला अपील करणारच, पण तिथे कलम १४८ मुळे दंडाच्या किंवा भरपाईच्या किमान २० टक्के रक्कम भरायला लावता येते. अपिलात पण मीच उभी राहीन असं मॅडम म्हणाल्यात. त्याची फी, झेरॉक्ससकट, आधीच कागदावर घेणार आहे.