बोरघाटाचा डोंगर: थर्माकोल की प्लॅस्टर?

मॉडेल रेल्वेच्या मांडणीत एचओ मापात, म्हणजे १:८७ प्रमाणात, बोरघाट उभारायचा, तर डोंगर कशाचा करावा? मांडणी उचलून न्यायची असेल तर थर्माकोलच, हलका असतो. पण कापताना दाणे घरभर उडतात आणि स्प्रे पेंट थेट मारला तर थर्माकोल विरघळतो. फेव्हिकॉल आणि पाण्यातले रंग चालतात.

दिवाळीच्या किल्ल्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट पसरतात, तशी प्लॅस्टर ऑफ पॅरिसची ओली पट्टी जाळीवर बसते. जड होते, पसाराही होतो. तरी कड्यांसाठी माझी पसंती प्लॅस्टरलाच! सह्याद्रीच्या बेसॉल्टचे आडवे थर त्यात सुरेख कोरता येतात, आणि पातळ काळा रंग भेगांत मुरला की दगड खरा वाटू लागतो.

रुळाखालच्या चढाला मात्र थर्माकोल बरा. घाटातला ३७ला १ चढ म्हणजे मीटरभर रुळाला २७ मिलिमीटर उंची.